मधलं माणूस

सत्तरी उलटल्यावर माझ्या आईने सगळ्या जगावर प्रेम करायचं मनावर घेतलं. जग म्हणजे अगदी सगळं. सोसायटीच्या फाटकातली कुत्री, वरच्या मजल्यावर वेळी-अवेळी खुर्च्या सरकवणारे भाडेकरू, जिच्याशी बोलणं बंद होतं ती मामेबहीण. मी त्याच घरात राहते. तिच्या गोळ्या काढून देते, तिच्या गुडघ्यांना तेल चोळते. मला वाटलं, सगळं जग म्हणतेय तर त्यात आपणही असू कुठेतरी.

आई महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजूनही समोरच्याकडे बघते ती हजेरी घेतल्यासारखी. वडील गेले, दादा कॅनडाला गेला, आणि मी नवऱ्याचं घर सोडून धायरीला परत आले, तेव्हा तिने मला काहीच विचारलं नाही. रडली नाही, ओरडली नाही. "कपाटातला खालचा कप्पा रिकामा आहे," एवढं म्हणाली आणि टीव्ही लावला. लोक म्हणाले, किती समजूतदार आई आहे तुझी. डोंबलाची समजूतदार! शेजारीण रडत आली असती तर तिच्यासाठी निदान चहा तरी टाकला असता.

मी सदाशिव पेठेत एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. दिवसभर गाल सुजलेली माणसं माझ्यावर खेकसतात आणि मी त्यांना "बसा, नंबर आला की सांगते" म्हणते. संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर धूर खात, ब्रेक दाबत स्कूटर आणायची, जिने चढायचे, लॅचमध्ये किल्ली फिरवायची. आत आई टीव्हीसमोर. मान न वळवता म्हणते, "दार नीट लाव." वर्षानुवर्षं हेच. आलेल्या माणसापेक्षा तिला त्या दाराची काळजी जास्त.

तर आमच्या बुद्धविहारात दर रविवारी सकाळी ध्यानाचा वर्ग सुरू झाला. आईला एकटीने जमणार नाही, म्हणून रिक्षा करून मी नेणार, मी आणणार. सुरुवातीला मी मागे चपलांपाशी खुर्ची टाकून मोबाइल बघत बसायचे. वर्ग घेणाऱ्या ताई माझ्याहून लहान होत्या, कुठल्याशा कंपनीतली नोकरी सोडून ध्यानाकडे वळलेल्या. आवाज इतका गोड की माझी दाढ ठणकायची.

पण बाई सांगायची पटेल असं, हे मान्य करायला हवं. म्हणायची, नुसतं 'मला चांगलं व्हायचंय' म्हणून कोणी चांगलं होत नाही. आधी चित्र काढा. डोळे मिटा, जसं व्हायचंय तसं झालेलं स्वतःला बघा. कुठे बसलाय, समोर कोण आहे, तुम्ही त्याला काय म्हणताय. इतकं स्पष्ट बघा की ते हवंसं वाटलं पाहिजे. डोक्यातून नाही, पोटातून. भूक लागते ना, तसं. ती पोटातली ओढ तुम्हाला पुढे नेईल, उपदेश नाही नेणार. धम्मात सगळ्याच इच्छा वाईट नसतात, ही चांगली इच्छा आहे, हिला खतपाणी घाला.

सगळ्यांनी डोळे मिटले. मग ताईंनी विचारलं, कोणाला काही सांगायचंय का? माझ्या आईचा हात पहिला वर. शाळेची सवय.

"मला माझं घर दिसलं," आई म्हणाली. "दार सताड उघडं आहे. येईल त्याला मी विचारतेय, आलात का, दमलात का, पाणी देऊ का. आणि मला कोणाचाच राग येत नाहीये." एवढं बोलून तिचा आवाज फाटला. पदराने डोळे पुसायला लागली.

माझी आई! वडील गेले त्या दिवशी जिने आधी शाळेत रजेचा अर्ज पाठवला आणि मग कोपऱ्यात जाऊन बसली, ती. मला इतका संताप आला की चपला उचलून बाहेर फेकाव्यात. दार सताड उघडं म्हणे! अगं बाई, त्याच दारातून मी रोज येते ना? किल्लीने उघडून येते.

त्या रागातच मीही डोळे मिटले, आणि माझं चित्र आपोआप आलं. न बोलावता. मी जिने चढून आलेय, हातात मंडईतली पिशवी, किल्ली फिरवली. आई टीव्हीवरून नजर काढून वळते. चष्मा नाकावर खाली सरकलेला. म्हणते, "आलीस का गं? दमलीस?" बस्. पुढे काही नाही. पण पोटात असं काही कालवलं की मी खुर्ची घट्ट धरून ठेवली. ताईंचं म्हणणं खरं होतं, ओढ पोटातच असते. मला एवढंच हवं होतं. बाकी शांती, करुणा, प्रगती ज्याची त्याला लखलाभ. पुढच्या रविवारपासून मी चपलांपाशी बसणं सोडून सतरंजीवर बसायला लागले.

आईची प्रगती झपाट्याने झाली, हे सांगायला हवं. तिने जे चित्र बघितलं तशी ती खरंच व्हायला लागली. गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्याला म्हणायची, "आलास का रे? दमलास? बस जरा, पाणी देते." तो बिचारा गोंधळायचा. या बाईला जास्तीचं काय हवंय ते कळेना त्याला. कुरिअरवाल्याला विचारायची, जिना झाडणारीला विचारायची. खालच्या काकू मला म्हणाल्या, "तुझ्या आईचा चेहरा किती शांत झालाय गं! नशीबवान आहेस." आणि संध्याकाळी मी किल्ली फिरवली की आतून आवाज यायचा, "दार नीट लाव."

मी वाट बघितली. मला वाटलं, रांग आहे. बाहेरच्यांपासून सुरुवात केलीय, येईल हळूहळू घरापर्यंत.

मग एका रविवारी ताईंनी मैत्री भावना शिकवायला घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डोळे मिटून एकेक माणूस समोर आणायचं आणि मनापासून म्हणायचं, तू सुखी हो. आधी स्वतः. मग आवडतं माणूस. मग मधलं माणूस, म्हणजे जे रोज दिसतं पण ज्याच्याबद्दल आपल्याला बरं-वाईट काहीच वाटत नाही. मग नावडतं माणूस. शेवटी सगळे एका रांगेत, आणि सगळ्यांना सारखंच प्रेम. मधलं माणूस सगळ्यांत अवघड, ताई म्हणाल्या, कारण ते डोळ्यांसमोर टिकतच नाही. बस कंडक्टर घ्या, दूधवाला घ्या.

ध्यान संपलं. आईचा हात वर.

"मला मधलं माणूस सापडतच नव्हतं," आई म्हणाली. "मी फारशी बाहेर पडत नाही. दूधवाल्याचं तर आता मला कौतुक वाटतं. बराच वेळ शोधलं. मग लक्षात आलं, घरातच आहे की!" आणि तिने वळून माझ्याकडे बोट केलं. वर्गात उत्तर देणाऱ्या मुलाकडे करतात ना, तसं.

दोघी-तिघी हसल्या. मग हसावं की नाही ते न कळून गप्प झाल्या. ताई चाचरत म्हणाल्या, "आई, त्या तुमच्या मुलगी आहेत ना?"

"हो ना. चांगली आहे. कामसू आहे, काही तक्रार नाही तिच्याबद्दल," आई म्हणाली. "पण डोळे मिटून तिला समोर आणली की काही येतच नाही बघा. ना बरं, ना वाईट. तुम्हीच म्हणालात, खरं सांगा."

आणि त्या ताई, त्या गोड आवाजाच्या ताई, काय म्हणाल्या असतील? "किती प्रामाणिक निरीक्षण आहे." वा रे वा! मी सतरंजीचा धागा ओढत बसले. माझ्या बाजूच्या बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मी झटकला.

रिक्षात मी विचारलं, "आवडतं माणूस कोण घेतलंस?"

"दादा. हे काय विचारणं झालं?"

"आणि नावडतं?"

"वरचे. खुर्चीवाले."

म्हणजे बघा. खुर्च्या सरकवणाऱ्या भाडेकरूला तिच्या मनात जागा होती. तो तिला छळत होता, तिला त्याचा राग यायचा, आता रोज सकाळी डोळे मिटून ती त्याचा चेहरा बघणार होती. मला तेवढंही नव्हतं. आवडत्या जागेवर दादा बसलेला, तिथे माझा निभाव लागणं शक्य नव्हतं हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण नावडती जागा मिळण्यासारखी होती. मी तिथेच, त्या रिक्षात, वडगावचा पूल यायच्या आत ठरवलं, आपण नावडतं व्हायचं. ताईंनी शिकवल्याप्रमाणे चित्रही काढलं. आई माझ्याकडे डोळे वटारून बघतेय, नाकपुड्या थरथरताहेत, आणि ते सगळं माझ्यासाठी. पोटातून ओढ आली. हसू नका, खरंच आली.

सुरुवात मंडईतून केली. तिला शेपू आवडत नाही, कारलं तर नावही काढू देत नाही. मी आठवडाभर आलटून पालटून तेच केलं. आई जेवली. ताट बाजूला सारून पुटपुटली, "सुखी हो." टीव्हीचा रिमोट मी कपाटातल्या माझ्या कप्प्यात ठेवून कामावर गेले. संध्याकाळी ती बंद टीव्हीसमोर डोळे मिटून बसली होती. म्हणाली, बरं झालं, आज ध्यान छान लागलं. खालच्या काकूंसमोर सांगितलं की ही इतकी घोरते की भिंत हलते, तर आई स्वतःच हसायला लागली. कपाळ माझं! साधना करणाऱ्या बाईला चिडवणं हा किती कष्टाचा उद्योग आहे, ते मलाच माहीत.

शेवटी तिनेच मला रस्ता दाखवला.

दादा दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतो. आई त्यासाठी साडी बदलते. तोंडाला पावडर लावते, फोन डब्याला टेकवून समोर बसते आणि वाट बघते. तो थोडंसं बोलतो, मध्येच बाजूला कोणाशी तरी इंग्रजीत बोलतो, मग "काळजी घे आई" म्हणून ठेवतो. त्यावर तिचा पुढचा आठवडा निघतो. त्या रविवारी फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "बघ. एवढ्या कामात आहे, पण माझा रविवार चुकवत नाही. याला म्हणतात ओढ. पोटातून असावी लागते."

मी गवार मोडत होते. म्हटलं, "शनिवारी मी त्याला मेसेज करते, उद्या आईला फोन कर म्हणून. तो गेला तेव्हापासून दर शनिवारी करतेय. मी नाही केला तर तो फोन करत नाही."

"खोटं बोलतेस."

"बरं. या शनिवारी नाही करत. बघू."

तो आठवडा आम्ही दोघी फार सभ्यपणे वागलो. रविवार आला. सकाळचा वर्ग झाला, दुपारचं जेवण झालं. संध्याकाळी आईने ती आकाशी साडी नेसली, पावडर लावली, फोन डब्याला टेकवला. मी स्वयंपाकघरात कुकर लावला. फोन वाजला नाही. तिने एकदा तो उचलून बघितला, आवाज बंद तर नाही ना म्हणून. पुन्हा टेकवला. बाहेर अंधार पडला तरी तिने दिवा लावला नाही, मीही लावला नाही. मी तिच्यासमोर ताट नेऊन ठेवलं तेव्हा तिच्या गालांवरची पावडर ओघळली होती. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण खरं सांगू, त्याहून जास्त बरं वाटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि त्या बघण्यात आग होती.

पुढच्या रविवारी वर्गात तिचा हात वर झाला. "नावडतं माणूस बदललंय," आई म्हणाली. "माझी मुलगी."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं उभं राहून नमस्कार करावा.

त्यानंतरचे आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे होते. कोणाला काही वाटो. रोज सकाळी आई बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसायची, डोळे मिटायची, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. ओठ घट्ट व्हायचे, मुठी आवळायच्या. मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून बघत उभी राहायचे. त्या मिटलेल्या डोळ्यांमागे मी होते. माझं नाक, माझा चष्मा, माझे पिकलेले केस, सगळं ती बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा आईने मला रोज वेळ दिला.

आणि भांडायची! कसलं भांडायची! पोळी जाड झाली म्हणून, गोळ्यांची वेळ चुकली म्हणून. मीही तोंडाला लागायचे. एकदा तिने विचारलंच, "तू हे मुद्दाम केलंस ना?"

"हो."

"काय मिळालं तुला?"

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "मी एवढी वर्षं कामावरून येतेय. तू सिलिंडरवाल्याला विचारतेस, दमलास का. मला कधी विचारलंस? मला तेवढंच हवंय, आई. दुसरं काही नको." पन्नाशीला टेकलेली बाई मी, लहान मुलीसारखी नाक ओढत उभी.

आई म्हणाली, "एवढ्यासाठी माझा रविवार मोडलास?"

त्या शनिवारी तिने मला हाक मारली. "मेसेज कर त्याला." मी म्हटलं, "आता तुला माहितीये तरी?" ती म्हणाली, "कर." मी केला. रविवारी पावडर, आकाशी साडी, डब्याला टेकवलेला फोन. वाजला. ती त्याच्याशी असं हसून बोलली की जणू काही झालंच नव्हतं. ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "किती वाळलाय गं."

त्यानंतर सकाळच्या आठ्या कमी व्हायला लागल्या. माझ्या लक्षात आलं होतं, पण मी तिकडे कानाडोळा केला. मुठी सुटल्या. ओठ सैल झाले. मी एकदा मुद्दाम चहात साखर घातली नाही, तर तिने पिऊन टाकला. शेपू आणला, तर "बरा झालाय" म्हणाली.

आणि एका रविवारी आईचा हात वर झाला.

"ताई, माझं काम झालं," आई म्हणाली. चेहरा इतका उजळलेला की मी तो कधी बघितला नव्हता. "मला हिचा फार राग होता. छातीत जळायचं. पण तुम्ही सांगितलं तसं केलं. रोज हिचा चेहरा आणला, रोज म्हटलं सुखी हो. आता डोळे मिटले की काही येत नाही. अगदी स्वच्छ. पुन्हा मधल्या जागेवर आली."

ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी आईला हात जोडले. म्हणाल्या, यालाच म्हणतात साधना. सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "साधु! साधु! साधु!" आमच्यात अशा वेळी सगळ्यांनी म्हणायचं असतं. मीही म्हटलं.

सोमवारी दवाखान्यात गर्दी होती. घरी यायला उशीर झाला. पिशवी घेऊन जिने चढले, किल्ली फिरवली, आत आले. आईने टीव्हीचा आवाज बंद केला. नजर काढून माझ्याकडे वळली. चष्मा नाकावर खाली सरकलेला.

"आलीस का गं? दमलीस?"

सगळं अगदी चित्रासारखं होतं. शब्दही तेच. सकाळी सिलिंडरवाला आला होता, तेव्हा मी घरातच होते, तिने त्याला विचारलेलं मी ऐकलं होतं. सूर तोच होता. तितकाच मऊ, तितकाच हसरा, कमी नाही की जास्त नाही.

"पाणी देऊ का?" आई म्हणाली.

"नको," मी म्हटलं, आणि दार नीट लावून घेतलं.